गोधडीभोवतीच्या गप्पा



आमच्या रिहे गावात भातकापणी उरकली की दुपारी ओट्यावर गोधडी पसरते. चौघी चार कडांना बसतात. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोरा. टाके कडेने मध्याकडे सरकतात, आणि गप्पाही! कुणाचा नातू चालू लागला, कुणाच्या लेकीचं ठरलं.

"आक्का, एवढी मोठी कुणाला गं?"

"नात नर्सिंगला चाललीय. होस्टेलात थंडी असते."

घरातली ही पहिलीच मुलगी शिकायला बाहेर निघालेली. आक्काला सही येत नाही. टाके मात्र एकसारखे. पण नात कुरकुरली, "ठिगळं बघून मुली हसतील."

मी तिला विनयपिटकातली गोष्ट सांगितली. मगधातली बांधाबांधांची शेतं पाहून भगवंतांनी आनंदाला तसंच चीवर करता येईल का विचारलं, आणि आनंदाने तुकडे जोडून ते शिवलं. आपली मुळशीची खाचरं तरी वेगळी कुठे आहेत?

आक्काने ट्रंक उघडली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सासूने नेसलेलं पांढरं लुगडं तिने काढलं. इतकी वर्षं त्याला कात्री लावली नव्हती.

नात म्हणाली, "आज्जी, हा तुकडा मधोमध लाव. टाके मी घालते."

तिचे टाके वाकडे आलेत. आक्काने उसवले नाहीत.