राजाज्ञा आणि अलिखित कायदा



चिंचवडच्या चापेकर चौकातून रोज असंख्य कामगार पाळीवर जातात. ज्यांचे नाव या चौकाला आहे, त्या चिंचवडच्या बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला, आणि पुढील दोन वर्षांत तिघेही भाऊ फासावर गेले. त्याच वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला होता आणि त्याच्या बळावर गोरे सोजीर घराघरांत, थेट देवघरापर्यंत शिरत होते. साथ रोखण्याचा हेतू योग्य होता. परंतु माणसाची अप्रतिष्ठा करून तो साधावयाचा काय? सत्तेचा कायदा आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी समोरासमोर उभी ठाकली, तर नागरिकाने काय करावे?

हाच प्रश्न इसवी सनापूर्वी सुमारे ४४१ मध्ये सॉफोक्लीसने ‘अँटिगनी’ या नाटकातून अथेन्सच्या नागरिकांपुढे ठेवला. थीब्जच्या सिंहासनासाठी दोघे भाऊ परस्परांच्या हातून मारले जातात. राजा क्रेऑन एकाला सन्मानाने पुरतो. दुसरा परके सैन्य घेऊन नगरीवर चालून आला होता; म्हणून त्याचे प्रेत उघड्यावर पडू द्यावे, पुरणाऱ्यास देहदंड होईल, अशी आज्ञा तो काढतो. बहीण अँटिगनी त्या प्रेतावर माती टाकते. पकडली गेल्यावर आज्ञा ठाऊक नव्हती असे ती म्हणत नाही. देवांचे अलिखित नियम राजाच्या हुकुमाहून श्रेष्ठ आहेत, हे तिचे उत्तर.

क्रेऑनला खलपुरुष ठरविणे सोपे आहे. परंतु नगरी नुकतीच युद्धातून वाचलेली आहे आणि शिस्त नसेल तर कोणाचेच घर सुरक्षित राहणार नाही, हे त्याचे म्हणणे पोकळ नाही. त्याची आज्ञा चुकीची आहेच. त्याहून मोठी चूक ऐकून न घेण्याची आहे. त्याचा मुलगा हेमॉन हा अँटिगनीचा वाग्दत्त वर. भीतीने गप्प असलेली प्रजा मनातून त्या मुलीच्या बाजूने आहे, आणि एकाच माणसाच्या मालकीची नगरी ही नगरीच नव्हे, असे तो बापाला बजावतो. क्रेऑन मानत नाही. द्रष्ट्या टायरीसिअसच्या इशाऱ्यानंतर तो वळतो, तेव्हा अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मागोमाग हेमॉन आणि राणी जीव देतात.

चापेकरांचे धैर्य वादातीत आहे. परंतु त्यांचा मार्ग गुप्त होता, आणि त्यात रँडबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. अँटिगनी दुसऱ्याचा प्राण घेत नाही, स्वतःचा पणाला लावते. तिचे जवळचे नाते १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाशी आहे. टाटा कंपनीच्या वीजधरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेण्यात आला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळातले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि तुरुंगात गेले. बापट पुढे याच मार्गावर राहिले नाहीत. परंतु पहिला सत्याग्रह निःशस्त्र आणि उघड होता. संपादन कायदेशीर होते. ज्याची जमीन, त्याला मात्र कोणी विचारले नव्हते. धरण झाले, गावे बुडाली.

हा प्रश्न इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडविला. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. रस्ता अडविणे कायद्याविरुद्ध होते. वाढत्या शहराला पाणी हवे, हेही खरे. नगरीच्या हितासाठी, हा क्रेऑनचाच युक्तिवाद येथे पुन्हा उभा राहतो. आणि ती नगरी म्हणजे हीच, जिच्या चाळीतल्या, वसाहतीतल्या नळाला ते पाणी यावयाचे होते.

अशा नगरीतील कार्यकर्त्याचे स्थान कोणते? अँटिगनी होणे थोड्यांच्याच वाट्याला येते. हेमॉन होणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे. ज्याच्या नावाने आज्ञा निघते त्याच घरातून उठून, ‘हे आमच्या नावाने करू नका, आधी त्यांचे ऐका,’ असे सांगणे, हे हेमॉनचे काम. पाण्याचा लाभार्थी कामगार जेव्हा हे सांगेल, तेव्हा शेतकऱ्याला रस्त्यावर यावे लागणार नाही.

असे बोलणे व्यर्थ जात नाही. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी जमीन घेते तेव्हा ही अट लागू नाही. म्हणजे काम अपुरे आहे. तरीही मुळशीच्या शेतकऱ्याच्या मनातला अलिखित नियम अंशतः का होईना, लिहिला गेला. त्याला ९२ वर्षे लागली. पुढच्या नियमाला इतका काळ लागावा काय, हे हेमॉन किती लवकर बोलतो यावर ठरेल.