नवख्याची खुर्ची
(राजाजीनगर येथील सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली कोणास चुकली आहे? आमची नागपूरहून येथे बदली झाली, तेव्हा कन्येच्या दातांना तार बसवून जेमतेम आठ महिने झाले होते. हे उपचार दीड-दोन वर्षे चालतात. तारेच्या मंद दाबाने मुळाच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात सरकतो. तेथे घाई चालत नाही. आम्ही चिंतेत पडलो. परंतु नागपूरच्या डॉक्टरांनी दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, क्ष-किरण चित्रे आणि सविस्तर पत्र सोबत दिले. त्यावरून येथील डॉक्टरांनी काम पुढे चालविले. उभयतांची ओळख व्यवसायाच्या एका परिषदेत झाली होती.

तीच कन्या आज स्वतः ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीत ती नवखी. ज्येष्ठांपुढे अडलेले काम मांडावयास संकोचते. अज्ञान उघडे पडेल, ही भीती. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, आपण येथे आलो तेव्हा आम्हांला कन्नडमध्ये भाजीही मागता येत नव्हती. मंडळातल्या जुन्यांना विचारले, म्हणून निभावले. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता रुग्णाची दोन वर्षे दवडण्यात आहे."

नवख्याने विचारावे हे खरे. पण त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवणे, हे आम्हां जुन्यांचे कर्तव्य. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे तेच केले.