महामार्ग आणि शिवार



कल्याण-निर्मल हा २२२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग २०१० च्या फेररचनेत ६१ क्रमांकात समाविष्ट झाला. तो पाथरीवरून जातो. नकाशावर ती एक रेघ आहे. प्रत्यक्षात हे जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील काळ्या मातीचे शिवार आहे. येथे भराव उंचावून मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, की पाणी तुंबून कापूस पिवळा पडतो. चारी तुटली, की पलीकडचे रान कोरडे राहते.

१९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा हरकतीसाठी २१ दिवस देतो, तेही जमिनीत हितसंबंध असणाऱ्यालाच. शेतमजुराने, रस्ता ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलीने कोठे दाद मागावी? २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांना लागू झाल्या. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन मात्र वगळलेलेच राहिले. मोबदला वाढला, विचारणा झाली नाही.

रस्त्याला विरोध नाही. मालाला बाजार आणि रुग्णाला दवाखाना रस्त्यानेच गाठता येतो. मागणी एवढीच, की आखणीपूर्वी ग्रामसभेसह शिवारफेरी व्हावी आणि मोरी, चारी, गाडीवाट नकाशावर आधी उमटावी. निविदा निघाल्यानंतर दिलेले निवेदन बहुधा फायलीतच राहते. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावचे असे नकाशे आजच तयार करावेत.