विस्मृतीतला रणगाडा

ग्वाल्हेरचे नाव निघाले की किल्ला, तानसेन आणि ख्यालगायकी यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. मला मात्र आज याच शहरातील घरोघरच्या एका क्षुल्लक वस्तूविषयी बोलावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमची कॅसेट.

जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र निघाले. त्याच्या परवान्याविना बनविलेल्या स्वस्त नकला नव्वदीच्या दशकात लष्कर भागातील आमच्या मराठी घरांत येऊन पोहोचल्या. मारिओ सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु आमच्याकडे खरी गर्दी जमे ती रणगाड्यांच्या खेळाभोवती. त्याचे नाव ‘बॅटल सिटी’ असून तो नॅम्को या जपानी कंपनीने १९८५ साली काढला, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. आम्ही त्यास नुसते ‘टँक’ म्हणत असू.

विटांच्या भिंतीआडच्या गरुडाचे रक्षण करावयाचे आणि चालून येणारे २० रणगाडे फोडावयाचे, असे त्याचे ३५ टप्पे होते. मारिओत एकाचा डाव चालू असता दुसऱ्याने स्वस्थ बसावे. येथे मात्र दोघे भाऊ एकाच वेळी, एकाच बाजूने लढत. चुकून भावालाच गोळा लागला, तर तो क्षणभर जागच्या जागी खिळून राही! शिवाय खेळणाऱ्यास स्वतःची रणभूमीही रचता येई. एका उन्हाळ्यात दादाने त्या पडद्यावर ग्वाल्हेरचा किल्ला बांधला. शेवटची वीट बसते न बसते तोच वीज गेली. आमच्या यंत्रात काही साठवून ठेवण्याची सोय नव्हती. दादा म्हणाला, “असू दे, उद्या पुन्हा बांधू.”

हा खेळ त्या काळी अमेरिकेत विक्रीस आलाच नाही. इतिहास विक्रीच्या खातेवहीवरून लिहिला, तर नकली यंत्रांवर खेळलेली आमची पिढी त्यात कोठून येणार? आणि जे रीतसर विकले गेले, त्यांचे तरी काय झाले? अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. पुस्तक जुने झाले तरी उघडून वाचता येते. खेळास त्याचे यंत्र हवे आणि खेळणाराही हवा.

म्हणून माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी एखादी कॅसेट सापडली, तर ती भंगारात देण्यापूर्वी घरातील भावंडांना एकत्र बसवा. त्या खेळास तुम्ही काय म्हणत होता, कोणाबरोबर खेळत होता, हे वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. खेळाची प्रत कदाचित जगात कोठेतरी उरेलही. पण दादाने बांधलेला किल्ला आता फक्त आम्हा दोघांच्याच आठवणीत आहे, आणि तो आम्हीच लिहून ठेवला पाहिजे.