खरा भुईमूग

भुईमूग हे नाव अन्वर्थक ठरावे असे एक कडधान्य आफ्रिकेत पिकते. त्याचे नाव बांबारा. महाराष्ट्राच्या परिचयाचा भुईमूग मुगाच्या गोतातला नव्हे. बांबारा मात्र मुगाचा जवळचा भाऊबंद असून त्याच्या शेंगाही भुईतच पोसतात.

पश्चिम आफ्रिकेच्या मातीतल्या या पिकाला १६व्या शतकात प्रतिस्पर्धी लाभला. पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतला भुईमूग तेथे नेला. त्याच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल; बांबाऱ्यात अवघे शेकडा ६. पुढे १९व्या शतकात मार्सेयच्या तेल-साबणाच्या कारखान्यांनी सेनेगलच्या भुईमुगाला बाजार दिला आणि बांबारा बायकांच्या परसातला व गरिबांच्या पानातला ऐवज होऊन राहिला.

वास्तविक या दाण्यात शेकडा सुमारे २० भाग प्रथिने आणि ६० भाग पिष्टमय पदार्थ असतात. मका-ज्वारीत उणे पडणारे लायसिन त्यात भरपूर असते. त्याच्यात उणे असलेले मेथिओनिन तृणधान्य पुरविते. वरण-भाताच्या जोडीचे मर्म तेच. हलक्या जमिनीत, अपुऱ्या पावसातही हे पीक तग धरते आणि जमिनीला नत्र देते. नायजेरियात त्याचे पीठ पानात गुंडाळून, वाफवून ‘ओक्पा’ करतात.

अडचण एकच, पण मोठी. वाळलेला दाणा शिजण्यास कित्येक तास आणि भाराभर सरपण लागते. ज्या घराला त्याची निकड अधिक, त्याच घरी सरपणाची वाण! तेव्हा बांबाऱ्याची उपेक्षा संपायची, तर त्याचे गुणगान पुरेसे नाही. लवकर शिजणारे वाण शोधून ते त्या चुलीपर्यंत पोचविले पाहिजे.