कपाटात आहे, यंत्रात नाही

(फ्रीगंज, उज्जैन येथील मराठी मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



फ्रीगंजात अध्यक्षपद माणसाला एकदाच मिळते. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत छापलेला ‘माळव्यातील मराठी साहित्याची वाटचाल’ हा विषय बाजूला ठेवून हा अध्यक्ष ग्रंथालयातल्या संगणकाबद्दल बोलणार आहे. गाऱ्हाणे जुने आहे. कार्यकारिणीच्या सभांत ते मांडले गेले, इतिवृत्तात एका ओळीचे झाले आणि चहा येताच मागे पडले. आज ध्वनिक्षेपक हाती आहे, तेव्हा ते पुरते सांगायला हवे.

शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ ची. उज्जैनच्या नदीचे नाव घेऊन आलेली मराठी कादंबरी. शहरातल्या एका मराठी संग्रहात तिची प्रत आहे. कापडी बांधणी, पुठ्ठ्याच्या कण्यावर पांढऱ्या शाईत दाखल अंक, मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के. त्याच संग्रहाच्या संगणकावर ‘क्षिप्रा’ शोधली तर काहीच सापडत नाही, कारण टंकणाऱ्याने हिंदीच्या सवयीने ‘शिप्रा’ लिहिले आहे. लेखकाच्या नावाने शोधावे, तर आडनाव पाहून पुस्तक थोरल्या भावाच्या, गजानन माधव मुक्तिबोधांच्या नावावर चढवलेले. थोरला हिंदीचा कवी, धाकटा मराठीचा. दोघांची लिपी देवनागरी, म्हणून भाषेच्या रकान्यात सरसकट ‘हिंदी’. धाकट्याचा ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह यंत्रात ‘नवी मलवाट’ झाला आहे. त्याचेच ‘जन हे वोळतु जेथे’ आहे की नाही, हे कपाट उघडून एकेक पुस्तक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

ळ गेला. एवढ्याशा अक्षराचे काय घेऊन बसलात, असे याच सभागृहात या अध्यक्षाला ऐकवले गेले आहे. घेऊन काय बसायचे ते ऐका. न. चिं. केळकरांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र तीन खंडांत लिहिले. यंत्रात लेखक ‘केलकर’ आहेत आणि चरित्रनायक ‘तिलक’. मराठी मुलगा मराठीत शोधणार, त्याला ना केळकर सापडणार ना टिळक. आनंद यादवांचा ‘गोतावळा’ गेला, रा. रं. बोराड्यांचा ‘पाचोळा’ गेला, पुलंची ‘बटाट्याची चाळ’ ‘चाल’ झाली. ‘वाऱ्यावरची वरात’ तर दोन-तीन तऱ्हांनी टंकलेली, आणि यंत्राच्या लेखी ती दोन-तीन वेगळी पुस्तके. पुस्तक कपाटात असूनही वाचकापुरते नाहीसे झाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा उज्जैनच्या मराठीने दरबार गमावला. तो गमावूनही ती घराघरांत दोनशे वर्षे टिकली. या सूचीने तिची पुस्तके नेली. हा अध्यक्ष पूर्ण जबाबदारीने सांगतो की हे नुकसान त्या नुकसानीहून मोठे आहे.

आणि यात यंत्राचा काडीचा दोष नाही. भारतीय लिप्यांचे सरकारी संगणकीय मानक १९९१ साली आले, त्यात ळ होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही ळ होता. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर शिफ्ट दाबले की ळ उमटतो. अ‍ॅ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडने २००८ मध्ये घेतले. मोडी लिपीलासुद्धा २०१४ मध्ये तिथे जागा मिळाली. जगाच्या मानकात मोडी पोहोचली आणि फ्रीगंजच्या सूचीत ळ पोहोचला नाही! काम नोंदीमागे इतके पैसे अशा ठेक्याने दिले गेले. जुन्या फॉन्टात टंकले गेले, पुढे ते युनिकोडमध्ये वळवले गेले, आणि दोन्ही वेळा मराठी जाणणाऱ्या एकाही माणसाने नोंदी मूळ कार्डांशी ताडून पाहिल्या नाहीत. ‘क्या फर्क पड़ता है, समझ में तो आता है,’ हे उत्तर मिळाले. माणसाला समजते. यंत्राला ‘केलकर’ म्हणजे केळकर हे कुणीतरी सांगून ठेवावे लागते.

त्या वेळी ज्या तरुण मंडळींनी संगणकीकरणासाठी धावपळ केली, त्यांच्याबद्दल या अध्यक्षाच्या मनात आदरच आहे. स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून त्यांनी वर्गण्या गोळा केल्या. राग आहे तो फीत कापून, फोटो काढून निघून गेलेल्यांवर. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा टॉवर चौकात पेढे वाटणारे जे काही थोर लोक होते, त्यांच्या सह्या त्या ठेक्याच्या बिलावरही आहेत. नावे घेण्याची गरज नाही. ते पहिल्या रांगेत बसले आहेत.

या शहरात हे घडावे याचे दुःख अधिक आहे, कारण ग्रंथालयशास्त्राचा सर्वांत मोठा भारतीय आचार्य याच शहरात शिकवत होता. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन १९५७ ते १९५९ या काळात तेव्हाच्या विक्रम विश्वविद्यालयात ग्रंथालयशास्त्राचे अभ्यागत प्राध्यापक होते. विश्वविद्यालय नुकतेच, १९५७ मध्येच, स्थापन झालेले. रंगनाथनांची पाच सूत्रे १९३१ ची, द्विबिंदू वर्गीकरण १९३३ चे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे सांगणारा हा माणूस. मुद्रित कार्डांच्या काळात त्यांनी घालून दिलेली शिस्त संगणकालाही जशीच्या तशी लागू आहे. लेखकाचे नाव एकाच रूपात लिहा, पर्यायी रूपांवरून तिकडे निर्देश द्या, भाषा नोंदवा, विषय नोंदवा. ‘शिप्रा’वरून ‘क्षिप्रा’कडे बोट दाखवणारी एक ओळ, एवढाच प्रश्न होता. अनेक राज्यांसाठी ग्रंथालय कायद्याचे मसुदे त्यांनी केले. मद्रासचा कायदा १९४८ मध्ये झाला, महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. मध्य प्रदेशात असा कायदाच नाही. त्यामुळे उज्जैनचे मराठी ग्रंथालय महाराष्ट्राच्या कायद्याच्या हद्दीबाहेर, आणि इथे धरायला कायदा नाही. अनुदानाच्या अ-ब-क-ड श्रेणीत बसण्याचे भाग्यही त्याला नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. तेही मराठीभाषकांचे बृहन्महाराष्ट्रच होते.

या अध्यक्षाच्या लहानपणी ओव्हरब्रिजच्या अलीकडे एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत वाचनालय होते. तिथले ग्रंथपाल काका संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढत. कार्डांच्या लाकडी खणांना पितळी कड्या होत्या, आणि प्रत्येक खणातून एक लोखंडी सळई गेलेली, म्हणजे पोरांनी कार्डे उपसून नेऊ नयेत. काका कार्डे टाकाने लिहीत. ळ काढताना त्यांचा हात आधी डावीकडे वळे, मग उजवीकडे, आणि शेवटी टाक किंचित दाबला जाई. इंदुरातले लेखक, ग्वाल्हेरचे लेखक, नागपूरचे लेखक, प्रत्येकाचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट. टोपणनाव असले तर दुसरे कार्ड. कुणी ‘कुसुमाग्रज’ मागितले तर ते कार्ड ‘शिरवाडकर’ पाहा म्हणे. या अध्यक्षाच्या आईला चार यत्तांपलीकडे शाळा मिळाली नाही, पण ती खण ओढून स्वतः पुस्तक शोधी. काकांना विचारावे लागत नाही, याचा तिला अभिमान होता. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची कागदावर सिद्ध केली, तीही याच पिढीच्या चिकाटीने. काकांची ती कार्डे आज कुठे आहेत? संगणक आला म्हणून रद्दीत गेली. तपासायला मूळ उरले नाही.

नवे तंत्रज्ञान नको, असे म्हणणाऱ्यांत या अध्यक्षाला ढकलू नये. त्याचे म्हणणे नेमके उलटे आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती. त्यांनी ‘कोहा’ ही नवी प्रणाली बनवून घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. आज ती कुणीही परवान्याचा पैसा न भरता वापरू शकतो. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. मार्क हा नोंदीचा साचा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अ‍ॅव्हरॅम यांनी १९६० च्या दशकात घडवला. त्यात भाषेसाठी तीन अक्षरांची जागा राखलेली आहे आणि मराठीला स्वतःचा संकेत आहे. तो भरला की मराठीची पुस्तके एका क्षणात वेगळी होतात. जुनी छपाई वाचणारे ‘टेसरॅक्ट’ फुकट मिळते आणि ते मराठी ओळखते. जीर्ण पुस्तकांचे काय, कायदा आड येईल, असे सांगून घाबरवणाऱ्यांनी कायदा वाचावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या छापील पुस्तकाची जतनापुरती संगणकीय प्रत करून ठेवता येते. आणि केळकर १९४७ मध्ये वारले. साठ वर्षांची मुदत २००७ अखेर संपली. त्यांची पुस्तके तर सर्वांसाठी खुली करता येतील.

माणूस तेवढा नाही. स्कॅनरला देणगीदार मिळतो, टॅबला मिळतो, वातानुकूलित ई-वाचनकक्षाला तर मिळतोच, कारण त्यावर नावाची पाटी लागते. नोंदी तपासणाऱ्या ग्रंथपालाच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. ग्रंथालयशास्त्र शिकलेली मराठी मुलगी या शहरात आहे, ती शिकवण्या करून पोट भरते. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते खणले जात आहेत, घाट बांधले जात आहेत. त्यांच्याशी तक्रार नाही. मंडळाच्या सभागृहाला नवे छत आणि नवा ध्वनिसंच हवा अशी जी टूम निघाली आहे, तिच्याशी मात्र तक्रार आहे.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. सभागृहाच्या निधीतून दोन वर्षे एका पात्र ग्रंथपालाचा पगार द्यावा. प्रत्येक नोंद पुस्तक हातात घेऊन नव्याने करावी. उज्जैन, देवास, इंदूर इथल्या मराठी संग्रहांनी एकाच मोकळ्या प्रणालीत एकत्र सूची उघडावी. ज्यांच्या घरी मोडीची दप्तरे माळ्यावर पडली आहेत, त्यांनी निदान यादीपुरती ती खाली काढावीत. राज्य सरकारकडे ग्रंथालय कायद्याची मागणी वेगळ्या पत्राने जाईल, त्या पत्रावर पहिली सही या अध्यक्षाची असेल. ठरावाला दोन अनुमोदक मिळाले आहेत. छताच्या बाजूच्या मंडळींनी सत्र संपण्याआधी निघून न जाता उभे राहून विरोध नोंदवावा. मतदान हात वर करून होईल आणि नावे इतिवृत्तात जातील, ळ असेल तिथे ळ लिहून.