काचेबाहेर राहिलेले भांडण
(संग्रहालय-अभिरक्षकांच्या वार्षिक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदासाठी ज्यांनी माझे नाव सुचवले त्यांचे आभार आणि ज्यांनी विरोध केला नाही त्यांचेही. निवास-भोजनाची व्यवस्था चोख आहे. वर्षभरात आपल्याला सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना सकाळी आपण श्रद्धांजली वाहिली. प्रथेप्रमाणे आता मी संग्रहालय चळवळीचा आढावा घ्यायचा. रिक्त पदे रिक्तच आहेत, पावसाळ्यात भांडारघरे गळतात आणि नोंदवह्यांचे संगणकीकरण ‘प्रगतिपथावर’ आहे. मागच्या अध्यक्षांनीही हेच सांगितले होते आणि त्यांचे भाषण छापील आहे. आढावा संपला.

परिषदेचा यंदाचा विषय सुधारकांची बदलती प्रतिमा हा आहे. यादी मोठी होईल, म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. गाडगेबाबा. नोकरीत असताना हे बोलता आले नाही, कारण तेव्हा बोलायचे ते टिप्पणीत आणि योग्य त्या मार्गाने. आता पेन्शन सुरू आहे.

बाबांची प्रतिमा कशी बदलत गेली हे सांगायला फार मोठे दालन लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर १९०५ साली घर सोडतात. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, सोबत फुटके गाडगे. हयातीतच, १९५२ साली, प्रबोधनकार ठाकरे त्यांचे चरित्र लिहितात. त्यातले बाबा अंगावर येतात. १९७७ साली राजदत्त ‘देवकीनंदन गोपाला’ काढतात आणि पुढच्या पिढीच्या डोळ्यांत डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा बसतो. देवाला रिटायर करा म्हणणाऱ्या नटाने ही भूमिका करावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. १९९८ साली टपाल तिकीट निघते. २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव मिळते. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले जाते. अभियानामुळे गावे झाडली गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फलकावर आणि आमच्या दालनात बाबांच्या हातात एकच वस्तू उरली. खराटा.

या खराट्याबद्दल मला बोलायचे आहे. मी एका जिल्ह्याच्या गावी असताना एक सद्गृहस्थ ‘बाबांच्या हातचा’ खराटा घेऊन आले. लाल फडक्यात गुंडाळलेला. उलगडून पाहिला. काड्यांची टोके सारखी, एकही झिजलेली नाही. मूठ निळ्या नायलॉनच्या दोरीने आवळलेली. बाबा वारले १९५६ साली, आणि ती दोरी आमच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळत होती. शिवाय रोज झाडणाऱ्या माणसाचा खराटा मागे उरतच नाही, तो झिजून संपतो आणि माणूस नवा बांधतो. मी ‘अस्सलपणा सिद्ध नाही’ असा शेरा मारला. महिन्याभरात वरून पत्र आले: दात्यांच्या भावना लक्षात घेऊन वस्तू मध्यवर्ती शोकेसमध्ये ठेवावी. ठेवली. वर दिवा सोडला. लोक काचेला हात लावून तो कपाळाला लावू लागले. बाबांच्या पायाला कोणी हात लावू गेले तर ते काठी उगारत, आणि कोणी आपला गुरू नाही, कोणी आपला शिष्य नाही असे बजावत. आपले देऊळ बांधू नका, पुतळा उभारू नका, हेही सांगून गेले. आपण शोकेस बांधली.

त्याच दालनासाठी मी एक पाटी लिहिली होती. बाबा कीर्तनात काय विचारत, एवढेच तिच्यावर होते. देवाला न्हाऊ कोण घालते, वस्त्र कोण नेसवते, गाभाऱ्यात दिवा नसेल तर देव दिसतो का, मग मोठे कोण? बोकड कापून कोणता देव प्रसन्न होतो? कर्ज काढून सण आणि लग्न कशासाठी? मुलाला शाळेत का घालत नाही? पाहणी समितीने पाटी वाचली, एका सदस्याने चष्मा काढून म्हटले, “वाद नको.” पाटी उतरली आणि त्या जागी स्वच्छतेचा संदेश लागला. मी फाइलवर असहमती नोंदवली. ती फाइल आज कोणत्या तरी कपाटात असेल, आणि बहुधा आपल्या संग्रहांपेक्षा बऱ्या स्थितीत असेल.

बाबांच्या नावाने जी दशसूत्री गावोगावी लावलेली असते, ती आपण कधी नीट वाचली आहे का? भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबांच्या मुलामुलींना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार, मुक्या जनावराला अभय, गरिबाच्या पोरांचे लग्न, खचलेल्याला हिंमत. कलमे दहा. त्यात झाडू नाही. हाच रोकडा धर्म म्हणून सांगितला जातो, आणि आपल्या शोकेसमध्ये मात्र तेवढा झाडूच आहे.

सकाळच्या सत्रात मी हेच म्हणालो तेव्हा एका तरुण सहकारी बाईंनी मला अडवले, ते बरे केले. त्यांचे म्हणणे, झाडणे हेच बाबांचे भाष्य होते. जे काम जातीने ठरावीक माणसांच्या माथी मारले ते त्यांनी भर चौकात स्वतः केले. शंभर टक्के मान्य. मग हे पाटीवर लिहा! त्या गावात आधी कोण झाडत होते, त्याची वस्ती कुठे होती आणि बाबा झाडत असताना ओट्यावर बसून कोण पाहत होते, ते लिहा. पंढरपुरात त्यांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण त्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नव्हती. ती वास्तू १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. या एका व्यवहारावर अख्खे दालन उभे राहील. पण मग जागा कोण देत नव्हते, हा प्रश्न येतो, आणि तिथे आपला अभिरक्षक पाणी पिऊन येतो.

दुसरा वाद दुपारी रंगला. एक पक्ष म्हणाला, मूळ वस्तू हाच संग्रहालयाचा प्राण. दुसरा म्हणाला, नवी पिढी टचस्क्रीनशिवाय थांबत नाही. दोन्ही पक्षांना मी एक अनुभव सांगतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये, जाण्याच्या महिना-दीड महिना आधी, बाबांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन केले. त्याचे ध्वनिमुद्रण आहे. निवृत्तीच्या थोडे आधी एका तात्पुरत्या प्रदर्शनात मी कोपऱ्यातली खोली मोकळी करून घेतली. वस्तू नाही, चित्र नाही, पडदा नाही. सतरंजी आणि स्पीकर. ध्वनिमुद्रणात खरखर आहे, मध्येच आवाज बुडतो. दुपारी दर्यापूरकडचे एक म्हातारे शेतकरी भिंतीला टेकून बसले होते. बाबांचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. ते विचारतात आणि समोरच्यांनी उत्तर द्यायचे. देवाला आंघोळ कोण घालते, हा सवाल आला, आणि म्हातारबा खणखणीत बोलले, “आपनच घालतो ना, बाप्पा!” शेजारी बसलेला कॉलेजचा पोरगा हसला. पुढच्या सवालाला तोही बोलला. थोड्या वेळाने दोघांत वाद जुंपला, म्हातारा बाबांच्या बाजूने आणि पोरगा देवाच्या. पहारेकरी धावत आला, दालनात गोंगाट करू नये म्हणून. मी त्याला म्हटले, राहू दे, या इमारतीत पहिल्यांदाच काहीतरी चालले आहे.

तेव्हा मूळ वस्तू की यंत्र, हा वाद माझ्यापुरता त्या सतरंजीवर मिटला. बाबांच्या बाबतीत मूळ वस्तू म्हणजे तो सवाल. तो यंत्रातून आला तरी अस्सल, आणि नायलॉनने बांधलेला खराटा काचेत असला तरी नकली.

सुधारकाचे प्रदर्शन भरवायचे तर त्याच्याशी भांडणारी माणसेही प्रदर्शनात हवीत. डेबूजीच्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. तर सावकारी व्यवहाराचे कागद मांडा. मुलीच्या बारशाला मटण-दारू न देता गोडाचे जेवण घातले म्हणून जातभाई रुसले; तर त्यांचीही बाजू मांडा, कारण रीत मोडणारा माणूस घरच्यांना आधी टोचतो. आज बाबांवर कोणाचाच राग नाही. सगळे पक्ष त्यांना हार घालतात, आणि जत्रेत बोकड कापून आलेला माणूसही त्यांच्या तसबिरीला नमस्कार करतो. एवढी एकवाक्यता झाली, ती त्यांचे म्हणणे पटले म्हणून झालेली नाही. आपण ते ऐकूच येऊ दिले नाही, म्हणून झाली आहे.

अध्यक्षाने पुढचे कार्यही सांगायचे असते. तीन गोष्टी सुचवतो. ज्यांनी लहानपणी बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले, ती माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला हव्यात. सुधारकांच्या दालनांतल्या पाट्यांसाठी काही किमान नियम हवेत. आणि सुधारकांच्या विरोधकांचे कागद गोळा करण्याची काही योजना असावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावेत. निधीचे काय, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, कोषाध्यक्षांकडेही नसावे.

माझ्या या मतांचा निषेध करणारा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात येणार, असे चहाच्या वेळी कानावर आले. जरूर आणा. सूचक-अनुमोदकांची नावे आजच सचिवांकडे द्या. अध्यक्ष म्हणून मी तो पहिल्या क्रमांकावर घेईन आणि वेळेचे बंधन घालणार नाही. गाडगेबाबांवरून या परिषदेत भांडण झाले, एवढी नोंद इतिवृत्तात आली तरी मला पुरे आहे.